मध्यरात्रीचा मालकंस, चर्चमधला



शनिवारी सकाळी पियानोचा क्लास आणि दुपारी गाण्याचा, अशी मुलांना घेऊन धावपळ करणारे तुमच्यापैकी बरेच जण असतील. एका क्लासात समोर कागद, दुसऱ्यात समोर गुरू. दोन्ही एकाच मुलाच्या डोक्यात कसं बसायचं? आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या रीना इस्माईल यांनी याच प्रश्नावर आपलं काम उभं केलंय.

जन्म १९८३ चा, शिकागोतला, भारतीय वंशाच्या घरात. शिक्षण जुलियार्ड आणि येलला, म्हणजे पक्कं पाश्चात्त्य. हिंदुस्तानी संगीत त्या मोठेपणी शिकल्या, त्यासाठी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात राहिल्या. पुढे लॉस एंजेलिस मास्टर कोराल या नामवंत गायकवृंदाच्या निवासी संगीतकार झाल्या. आपली सायली ओक त्यांच्या रचनांमधून वाद्यवृंदासोबत गायली आहे.

गिटारखाली तबला चिकटवला की झालं फ्यूजन, असं आपण खूप ऐकतो. (मला तरी त्याचा कंटाळा आलाय.) इथे तसं नाही. २०२१ मधली त्यांची 'अ विंटर ब्रेव्हिअरी' ऐका. नाताळच्या दिवसांत गायची तीन गीतं, शब्द रेबेका गेल हॉवेल या कवयित्रीचे. ख्रिस्ती मठांत प्रार्थनेचे प्रहर ठरलेले असतात; आपल्या रागांनाही वेळ असते. रीनाताईंनी ते प्रहर जुळवले. सांजप्रार्थनेला हंसध्वनी, मध्यरात्रीला मालकंस, पहाटेला अहिर भैरव. ज्यांच्या घरी पहाटे रेडिओवर अहिर भैरव लागायचा, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

खरी कसोटी मालकंसात. गायकवृंद म्हटला की एका वेळी अनेक स्वर लागणार. षड्जावर कॉर्ड उभा करायचा तर वर पंचम हवा, आणि मालकंसाला पंचम वर्ज्य! रिषभही नाही. उरलेल्या पाच स्वरांत नेहमीचे तीन स्वरांचे कॉर्ड दोनच जमतात, एक मध्यमावरचा आणि एक कोमल धैवतावरचा. म्हणजे घरी परतायचंय आणि घराचा दरवाजाच नाही. कॉर्डसाठी पंचम घ्यावा तर राग गेला. राग सांभाळावा तर पाश्चात्त्य कानाला विसावा कुठे द्यायचा? अशा अडचणीत शिरून लिहिणं म्हणजे दोन्ही घरची शिस्त पाळणं. तिघांत माझं आवडतं गीत हेच.

तुमची मुलं शाळेच्या कॉयरमध्ये असतील तर त्यांची 'तारेकिट' कदाचित घरी पोचलीही असेल. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागातल्या, बेघर माणसांच्या गायकवृंदासाठी ती लिहिली. तबल्याचे बोल, तराण्याचा थाट, राग जोग, आणि सगळं दोनेक मिनिटांत. ज्यांनी तबला कधी पाहिलाही नसेल अशी मंडळी ते बोल झडझडून म्हणतात.

तर आधी तीच लावतो. मुलं आसपास असतील तर हाक मारा त्यांना. मग दिवे जरा मंद करा, मालकंस येतोय.