जहाजाच्या दारातली रांग
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



‘माझा समुद्रप्रवास’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मला भाषणाची सवय नाही. शिवाय प्रवासाची वर्णने ऐकून ऐकणाऱ्यांना फार तर हेवा वाटतो, हाती काही लागत नाही. परंतु या प्रवासात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितली तर आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे.

समुद्र आपल्या वणीच्या माणसाला लांबचा. आपल्याला डोंगर ठाऊक, द्राक्षाचे मांडव ठाऊक, गडाच्या पायऱ्या ठाऊक. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसून वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्यांना किती धीर लागला असेल याची कल्पना मात्र मला बंदरावर उभी राहिल्यावर आली. आमचे जाणे अर्थातच मौजेचे होते. माझा मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिथल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सहलीची मोठी जहाजे सुटतात. मुलगा आणि सूनबाई यांच्याबरोबर त्या जहाजांतून मी पाच वेळा प्रवास केला. दर वेळी सात रात्री, म्हणजे एकंदर पस्तीस रात्री.

आता या रात्रींचा हिशेब का सांगते ते ऐका. या कंपन्या प्रवाशाच्या रात्री मोजतात. एक रात्र, एक गुण. जितके गुण अधिक तितकी पायरी वरची. पायऱ्यांना सोने, प्लॅटिनम, हिरा अशी दागिन्यांच्या दुकानात शोभतील अशी नावे असतात. वरच्या पायरीच्या माणसाला जहाजावर चढताना वेगळी रांग मिळते, कधी बसायला वेगळी खोली मिळते, थंड सरबत मिळते. एका घरात, एका पत्त्यावर राहणाऱ्या नवराबायकोला बहुधा एकच पायरी मिळते. मैत्रिणीला मात्र मिळत नाही. मैत्री कितीही जुनी असली तरी तिचा पत्ता वेगळा असतो ना!

आम्ही चौघीजणी सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या सहलीला गेलो. पेनांग आणि फुकेत पाहून परत सिंगापूर. जहाज त्याच कंपनीचे होते, म्हणून माझी पायरी इथेही चालणार होती. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. बाकी तिघींचा हा पहिलाच समुद्रप्रवास. त्यांपैकी एकीला आपण सगळ्या अक्का म्हणतो. त्यांच्याबद्दल बोलण्याआधी मी त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “सांग, पण माझं कौतुक करू नको.” म्हणून कौतुक करणार नाही. एवढेच सांगते की अक्कांनी सहलीचे पैसे भिशीतून आणि उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांतून सहा वर्षे साठवले होते, आणि मुलांकडून एक रुपया घेतला नव्हता.

सिंगापूरच्या मरिना बे येथील प्रवासी धक्क्यावर आम्ही पोहोचलो. एका वेळी हजारो माणसे जहाजात चढतात, त्यामुळे विमानतळासारखीच व्यवस्था असते. मोठ्या बॅगांना खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लावून त्या द्यायच्या, मग कागदपत्रे, मग सामानाची तपासणी, मग पासपोर्टची तपासणी, आणि शेवटी जहाजाची शिडी. दारातच दोन रांगा होत्या. एक लांबलचक, दुसरीत मोजकी आठ-दहा माणसे. तिथल्या मुलीने माझा कागद पाहिला, हसून मान लववली आणि छोट्या रांगेकडे हात केला. मी म्हटले, “आम्ही चौघी बरोबर आहोत.” ती म्हणाली की तुमच्या खोलीतल्या सोबतिणीला येता येईल, दुसऱ्या खोलीतल्या दोघींना नाही. अक्का दुसऱ्या खोलीत होत्या.

मैत्रिणींनो, त्या क्षणी मी काय करायला हवे होते हे आता तुम्हाला सांगावे लागणार नाही. परंतु मी काय केले ते सांगते. मी अक्कांना म्हटले, “तुम्ही या हळूहळू, आम्ही आत जाऊन जागा धरतो.” जणू काही एस.टी.त रुमाल टाकायचा होता! जहाजात प्रत्येकीची खोली ठरलेली, जेवणाचे टेबल ठरलेले. तिथे जागा धरायची नसतेच. खरी गोष्ट अशी की त्या मुलीने मान लववली ती मला गोड वाटली. पन्नास वर्षे संसार केला, पण कोणी मला पाहून रांग मोकळी केली नव्हती.

मी वीस मिनिटांत जहाजात. सरबत घेऊन खिडकीशी बसले. अर्धा तास झाला, तास झाला. अक्कांबरोबरची बाई एकटीच आली. विचारले तर म्हणाली, “अक्कांना बाजूला घेतलं. मला थांबू देईनात, पुढे जा म्हणाले.” माझ्या हातातला पेला तसाच राहिला. अक्कांच्या फोनला परदेशात चालणारी जोडणी नव्हती, आणि शिडी चढून आलेल्याला मनाला येईल तसे मागे फिरता येत नाही.

झाले होते असे की पासपोर्टच्या ठिकाणी यंत्रावर अंगठा ठेवावा लागला, आणि अक्कांचा अंगठा यंत्राला कळेना. आपल्याकडे रेशनच्या दुकानातही त्यांचे असेच होते. इतकी वर्षे द्राक्षबागेत छाटणी-विरळणी केली, पापड लाटले, भांडी घासली, त्यात बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत. पण रेशन दुकानदार ओळखीचा असतो, तो हसून म्हणतो, “अक्का, दुसरं बोट लावा.” इथे चार गणवेशातली माणसे इंग्रजीत बोलत होती आणि अक्कांना वाटले, आपल्याला धरले. अखेर एका अधिकारीण बाईने त्यांना खुर्ची दिली, ओल्या कापडाने बोटे पुसली, एकेक बोट लावून पाहिले, आणि कागद तपासून त्यांना सोडले. कोणी त्यांचा अपमान केला नाही. पण तो पाऊण तास त्यांनी एकटीने काढला, आणि त्या पाऊण तासात मी सरबत पीत होते.

अक्का आल्या तेव्हा रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्ही बोट घेऊन गेलात.”

जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला संकटाच्या वेळी जमण्याच्या ठिकाणी जावे लागते. तिथे भोंगा कसा वाजेल, अंगरक्षक जाकीट कसे बांधायचे, हे दाखवतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे दगावली. नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची ही तालीम तोवर झालेलीच नव्हती. पूर्वी ती चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. २०१५ पासून नियम असा झाला की जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती झालीच पाहिजे. तिथे अक्का आणि मी शेजारी शेजारी उभ्या होतो. सोने नाही, प्लॅटिनम नाही. मला टायटॅनिकची आठवण झाली. १९१२ साली ते जहाज बुडाले तेव्हा पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक बुडाल्या. पुढे जगातल्या देशांनी एकत्र येऊन नियम केले, म्हणून आज जीव वाचवण्याच्या जागी तरी रांगा वेगळ्या नसतात. सरबताच्या जागी असतात. तेवढे चालेल, असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते.

पेनांगला शहर पाहून परतताना धक्क्यावर पुन्हा दोन रांगा होत्या. या वेळी मी कागद पर्समध्येच ठेवला आणि अक्कांच्या मागे उभी राहिले. ऊन कडक, रांग हलेना. मी म्हटले, “अक्का, त्या दिवशी मी चुकले.” त्या म्हणाल्या, “अगं, रांगेचं काय एवढं! मला बाहेर उभं राहायची सवय आहे.”

आणि मग त्यांनी आपल्याच मंडळातली गोष्ट सांगितली. यजमान गेले त्या वर्षी अक्का मंडळाच्या चिटणीस होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची सगळी तयारी त्यांनी केली. रात्रभर जागून तिळगुळाच्या पुड्या बांधल्या, वाण मोजून ठेवले. आणि संध्याकाळी बायका जमू लागल्या तशा आपण होऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना जा असे कोणी म्हटले नाही. थांबा असेही कोणी म्हटले नाही. भगिनींनो, त्या दिवशी कुंकवाची कोयरी घेऊन फिरणारी मी होते. त्यांच्यापाशी आले आणि वळले. वीस वर्षे ते माझ्या लक्षातही नव्हते. त्यांच्या होते.

जहाजावरची माझी पायरी निदान मुलाने पैसे मोजून मिळाली होती. हळदीकुंकवातली माझी पायरी कशाने मिळाली? माझे यजमान हयात आहेत, हे माझे भाग्य. पण यात माझे कर्तृत्व कोणते, आणि अक्कांची चूक कोणती?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. गावाने करावे ते चांगलेच. पण आपल्या मंडळाला परिपत्रकाची वाट पाहावी लागू नये. मी आज ठराव मांडत नाही, अध्यक्षबाईंना अडचणीत टाकत नाही. एवढेच सांगते की येत्या संक्रांतीला माझ्या घरचे हळदीकुंकू होईल, त्यात पहिले वाण अक्कांच्या हाती जाईल आणि त्यांच्या हातून पुढच्या बाईच्या हाती. ज्यांना हे रुचणार नाही त्यांनीही यावे. तिळगूळ त्यांच्यासाठीही आहे.

आता ज्यांना प्रवासाला जायचे आहे त्यांच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी. मुंबईहूनही अशी जहाजे सुटतात, तेव्हा त्या लागतीलच. पहिली, फोनवरून कागद भरताना धक्क्यावर येण्याची वेळ निवडायची असते, ती सगळ्यांनी एकच निवडावी. दुसरी, कोणाची पायरी वरची असेल तर सोबतिणींना त्या रांगेतून नेता येते का, हे कंपनीला आधीच लेखी विचारावे. कंपनीगणिक नियम वेगळा असतो. नाही म्हटले तर वरच्या रांगेतल्या बाईने खालच्या रांगेत यावे, त्याला कोणाचीच मनाई नसते. तिसरी, पासपोर्ट, औषधे आणि एक लुगडे किंवा पोशाख हातातल्या पिशवीत असावा, कारण मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. इस्त्री आणि विजेची किटली घरीच ठेवावी, आगीच्या भीतीने ती काढून घेतात. चौथी, नव्या बाईला कुठे काय विचारतील, अंगठा कुठे लावायचा, हे घरीच नीट समजावून सांगावे, आणि जिला इंग्रजी येते तिने सर्वांत शेवटी उभे राहावे, सर्वांत पुढे नव्हे.

आपल्या गडावर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. २०१८ पासून ट्रॉलीही आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून मी ट्रॉलीने जाते, अक्का अजून पायऱ्या चढतात. पूर्वी मी वर पोहोचले की दर्शन उरकून घेत असे. आता वर थांबते. अक्का धापा टाकीत येतात, पदराने घाम पुसतात, आणि मग आम्ही दोघी बरोबर आईसमोर उभ्या राहतो. दर्शनाला थोडा उशीर होतो, एवढेच.