गोलरक्षक आणि पराभवाचे माप

मध्य प्रदेशाने भारतीय हॉकीला दिलेल्या गोलरक्षकांत महूचे शंकर लक्ष्मण यांचे नाव अग्रगण्य असून, मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ पलटणीत सेवा केल्यामुळे त्यांचा मराठी मुलखाशीही संबंध जुळतो. गोलरक्षक म्हणजे गोलखांबांसमोर उभा राहून चेंडू अडवणारा खेळाडू. शिरस्त्राण नसलेल्या त्या काळात हे काम विलक्षण धाडसाचे होते.

1928 पासून सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेल्या भारताला 9 सप्टेंबर 1960 रोजी रोम येथील अंतिम सामन्यात पाकिस्तानने 1-0 असे हरवले. सामना एकाच गोलाने गमावला की लोकांच्या चर्चेत आघाडीच्या फळीची निष्फळता मागे पडते आणि बोट गोलरक्षकाकडे वळते, हा अन्याय हॉकीइतकाच जुना असावा. मात्र गोलरक्षक बदलणे हा प्रत्येक पराभवावरचा उपाय नसतो: 1964 मध्ये टोकियो येथे त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध लक्ष्मणच गोलखांबांसमोर होते, आणि मोहिंदरलाल यांच्या एकमेव गोलाची आघाडी टिकवून भारताने सुवर्णपदक परत आणले. पुढे 1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारत विजेता ठरला.

1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील 1-7 अशा पराभवानंतर गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या वाट्याला मात्र याहून कितीतरी कठोर लोकनिंदा आली. 1998 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे गोलरक्षण-प्रशिक्षक म्हणून ते परतले.