दोरा कुठे तुटला?



भिवंडीत यंत्र थांबल्याचं कानाला कळतं. माग चालू असेतो खडखडाट. बाण्याचा दोरा तुटला, की एकदम शांतता. संगणकाचं तसं नाही. पडदा उजळलेला असतो, पंखा फिरत असतो, पण कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. मग आपला हात बटणाकडे जातो. त्या आधी काय पाहावं, तेवढंच आज सांगणार आहे.

मी कवी माणूस, बी.ए. झालेला, पण संगणकावर लिनक्स वापरतो. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स जन्मली. तिच्या धर्तीवर लायनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही याच घराण्यातली. ती फुकट मिळते आणि तिच्यात मराठी-उर्दू दोन्ही सुखानं नांदतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कविमंडळींचा संगणक वरचेवर अडकू लागला. त्यात जुन्या मैफलींचं ध्वनिमुद्रण होतं. त्यातले कित्येक आवाज आता कबरीत किंवा राखेत विसावले आहेत. मूळ कॅसेटी दमट हवेनं केव्हाच गेल्या होत्या. कुणी म्हणालं, “सगळं पुसून प्रणाली नव्यानं भरा.” पण दोरा तुटला म्हणून जॉबर अख्खा माग खोलत नाही; दोरा कुठे तुटला ते आधी बघतो.

संगणक अडकतो तो असा. एखादा प्रोग्रॅम हार्डडिस्ककडे माहिती मागतो. तिथला तुकडा खराब असला, की डिस्क तो पुनःपुन्हा वाचू पाहते. प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसतो आणि त्याच्यामागे इतरांची रांग लागते. अशा प्रोग्रॅमला ‘मर’ अशी आज्ञा दिली तरी तो मरत नाही. ‘पीएस’ या आज्ञेनं यादी मागवली, तर त्याच्यापुढे इंग्रजी ‘डी’ हे अक्षर दिसतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबलं, की बहुधा एक काळी पाटी उघडते. तिथे या आज्ञा देता येतात.

मग ‘डीमेसेज’. ही प्रणालीच्या गाभ्याची रोजनिशी. कोणती डिस्क, कितवा तुकडा, कसली चूक, सगळं त्यात असतं. देवाणघेवाणीत ‘सीआरसी’ चुका येत असतील, तर आधी केबलवर संशय घ्यावा. तेच तेच तुकडे वाचता येत नसतील, तर दुखणं डिस्कच्याच पोटात. शिवाय डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. आम्ही केबल बदलली, चुका थांबल्या नाहीत. ‘स्मार्ट’मधला संशयित तुकड्यांचा आकडा दुसऱ्या दिवशी वाढलेला दिसला. निदान पक्कं झालं.

इथे घाईचा मोह होतो. ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चालवू नये. ती डिस्कवर लिहिते आणि उरलंसुरलंही जाऊ शकतं. आधी प्रत, मग उपचार. आम्ही पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, नवी डिस्क जोडली आणि ‘डीडीरेस्क्यू’ लावला. हा प्रोग्रॅम धडधाकट भाग आधी उचलतो, आजारी भागाकडे शेवटी वळतो आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो. त्यामुळे वीज गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

दोन रात्री गेल्या. जवळजवळ सगळं हाती आलं. एका मैफलीतली काही मिनिटं गेली, ती गेलीच. त्या कवीच्या मुलीला बाकीचं ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, “चाचा, अब्बांचं खोकणंसुद्धा आलंय यात.”

डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर मात्र स्वतः काही करू नका. संगणक बंद करून जाणकाराकडे न्या. आणि डिस्क ठणठणीत असेल, तर आजच एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवून द्या.