इंटरमिजिएटच्या पुढचे धडे



आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली आणि नंतर ब्रश सुटला. निवृत्तीनंतर मी म्युझियममधल्या चित्रकलेच्या वर्गात जाऊ लागलो. तिथे तैलरंगाची गाठ पडली. जलरंगात कागदाचा पांढरा राखून फिक्याकडून गडदाकडे जायचे. इथे बहुधा उलट. आधी करड्या छटांत चित्र उभे करायचे, वाळू द्यायचे, मग पारदर्शक रंगाचा पातळ हात. त्याला ग्लेझ म्हणतात. निळ्यावर असा पिवळा चढवला की हिरवा आतून उजळतो. पॅलेटवर कालवलेल्या हिरव्याला ती खोली येत नाही. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट झाले तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात.

हे ऐकून कळते, पण पटते ते मूळ चित्रासमोरच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत. छापील चित्रात रंगाचे थर सपाट होतात. मूळ चित्र बाजूने पाहिले की ब्रशचा हात दिसतो.

डोळे किलकिले करून छटा पाहायला आपल्याला चित्रकलेच्या सरांनी शिकवले. त्या शिदोरीवरच मी या वयात पुढे सरकलो. म्हणून एक विनंती : माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना एक दिवस म्युझियममध्ये न्यावे, एका चित्रासमोर अर्धा तास बसू द्यावे. पहिल्या वर्षीच्या बसचा खर्च माझ्याकडे लागला.