जंगलातला प्रणय आणि सेन्सॉरची कात्री

१९३४ सालच्या एप्रिलमध्ये एमजीएम कंपनीचा 'टारझन अँड हिज मेट' हा चित्रपट अमेरिकेत झळकला. त्यातला एक प्रसंग पुढे फार गाजला. टारझन त्याच्या सोबतिणीला, जेनला, झाडावरून तळ्यात टाकतो, तिचा रेशमी झगा वरच राहतो आणि मग दोघंही पाण्याखाली पोहत राहतात. ती विवस्त्र आहे; पण चोरून पाहिल्याचा भाव कुठेच नाही. दोन माणसं एकमेकांभोवती गिरक्या घेतात, हात सुटतात, पुन्हा गुंफतात. टारझन होता ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदकं मिळवलेला जॉनी वाइसमुलर. पाण्यातली जेन मात्र ही भूमिका करणारी मॉरीन ओसलिव्हन नव्हती. तिच्या जागी जोसेफिन मॅककिम ही ऑलिंपिक जलतरणपटू उतरली होती.

त्या काळातल्या स्टुडिओंना जंगल एवढं प्रिय का वाटलं? शहरातल्या दिवाणखान्यात लग्नाविना एकत्र राहणारं जोडपं दाखवलं, की बोभाटा ठरलेला. जंगलात ना पाद्री, ना शेजारी. उकाडा, पाऊस, अंगाला चिकटलेले कपडे, सगळ्याला कथेतच निमित्त सापडे. १९३२ च्या 'रेड डस्ट'मध्ये इंडोचायनातल्या रबराच्या मळ्यावर जीन हार्लो पाण्याच्या पिंपात बसून अंघोळ करते आणि क्लार्क गेबल संतापतो. त्याच वर्षीच्या 'बर्ड ऑफ पॅरडाइज'मध्ये डोलोरेस देल रिओ दक्षिण समुद्रातल्या बेटावरची राजकन्या झाली. पुढच्या वर्षी 'किंग काँग' आला. त्यातला महाकाय वानर नायिका फे रेच्या अंगावरचे कपडे एकेक करून सोलतो आणि ती किंचाळत राहते.

जेनचं वेगळेपण इथेच उठून दिसतं. तिला कुणी डांबून ठेवलेलं नाही. शहरातले पाहुणे झगे आणि अत्तरं घेऊन येतात, ती हौसेने झगे घालून पाहते, ग्रामोफोन ऐकते आणि तरीही जंगलातच राहायचं ठरवते. इच्छा तिचीही आहे, आणि ती लपवत नाही. हॉलिवूडच्या नायिकेला एवढी मोकळीक क्वचितच मिळाली होती.

ही मोकळीक फार दिवस टिकली नाही. चित्रपटांवर नैतिक देखरेख ठेवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांनी पोहण्याच्या प्रसंगावर बोट ठेवलं आणि कंपनीला तो कापावा लागला. १ जुलै १९३४ पासून हॉलिवूडची नैतिक नियमावली कडकपणे लागू झाली. १९३६ च्या 'टारझन एस्केप्स'मध्ये जेनचं अंग बरंच झाकलं गेलं. १९३९ च्या चित्रपटात या जोडप्याला मूल हवं होतं, पण लग्न तर झालेलं नव्हतं! मग विमान अपघातातून वाचलेलं बाळ त्यांना सापडतं, अशी गोष्ट रचली गेली.

या टारझनपटांची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. प्रेम करायचा हक्क इथे फक्त गोऱ्यांना आहे. आफ्रिकी माणसं ओझी वाहतात आणि मरतात. टारझनच्या १९३२ च्या पहिल्या बोलपटात एक हमाल कड्यावरून कोसळतो, तेव्हा त्याच्या ओझ्यात काय होतं याचीच चौकशी होते. हे जंगलही बहुतांशी कॅलिफोर्नियातलं. आशियाई हत्तींना मोठे खोटे कान लावून आफ्रिकेचे हत्ती बनवलं होतं.

आपल्या मुंबईला टारझनच्या वेडाची लागण लगेच झाली. वाडिया मूव्हीटोनने १९३७ मध्ये होमी वाडिया यांच्या दिग्दर्शनाखाली 'तूफानी टारझन' काढला, त्यात जॉन कावस टारझन झाला.

कापलेला तो जलप्रसंग अनेक दशकं प्रेक्षकांना दिसला नाही. १९८० च्या दशकात तो मूळ चित्रपटात पुन्हा जोडला गेला. 'टारझन अँड हिज मेट' पाहणार असाल, तर तीच पूर्ण प्रत मिळवून पाहा.