वळणरस्ता आणि वाढते नगर



ज्या नगराच्या वेशीपर्यंत मुंबई–नागपूर लोहमार्ग कधी आला नाही, ते यवतमाळ जिल्ह्याचे ठाणे म्हणून वाढले ते प्रामुख्याने रस्त्यांच्या आधारावर. येथला कापूस गाड्यांतून धामणगावच्या स्टेशनाकडे जाई. पुढे किलिक-निक्सन कंपनीची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ मूर्तिजापूरपर्यंत धावू लागली आणि १९२१ साली मँचेस्टर येथे घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत राहिले. ती गाडी आज बंद आहे. आणि जे ओझे तिने काही अंशी तरी उचलले असते, ते सर्व आता नागपूर, धामणगाव, दारव्हा, आर्णी आणि पांढरकवडा या पाच दिशांच्या रस्त्यांवर येऊन पडले आहे.

हे रस्ते ज्या नगरात एकत्र येतात, त्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीत सुमारे १ लाख १६ हजार होती. त्यानंतर वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा ही भोवतालची गावे नगरपरिषदेच्या हद्दीत आली, आणि कालपर्यंत जो गावाबाहेरचा रस्ता होता तो शाळेचा, दवाखान्याचा आणि भाजीबाजाराचा रस्ता झाला. अशा वेळी लोकांच्या तोंडी एकच मागणी येते, ती म्हणजे वळणरस्त्याची, आणि तो झाला की कोंडी संपली असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची परीक्षा करणे हेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

रस्त्यावरील रहदारी दोन प्रकारची असते. नागपूरहून नांदेड-तुळजापूरकडे निघालेल्या मालमोटारीचे यवतमाळात काहीच काम नसते. तिला नगराबाहेरून वाट दिली तर तिचेही हित होते आणि आपलेही. परंतु बाजार समितीत कापूस आणणारा शेतकरी, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आलेला रुग्ण, एस. टी. स्थानकावर उतरलेला विद्यार्थी, यांचे काम नगरातच असल्यामुळे कोणताही वळणरस्ता त्यांना नगराबाहेर नेऊ शकत नाही. म्हणून निधीची तरतूद होण्यापूर्वी प्रत्येक नाक्यावर माणूस उभा करून येणाऱ्या वाहनास ‘कोठून आलात, कोठे जाणार?’ एवढेच विचारावे; त्या उत्तरांतून पहिला प्रकार किती व दुसरा किती हे उमगेल. दुसरा प्रकार अधिक भरला, तर खर्च बसस्थानकाच्या, पार्किंगच्या आणि चौकांच्या सुधारणेवर व्हावयास हवा.

याहूनही मोठी चिंता वळणरस्त्याच्या पुढील आयुष्याची आहे. प्रथम एक पेट्रोलपंप आणि एक ढाबा येतो. मग शेतजमीन अकृषक होऊन तिच्यावर ले-आउट पडतो, मंगल कार्यालय उभे राहते, आणि प्रत्येक नवा मालक महामार्गावर आपले स्वतंत्र तोंड मागतो. पुढे दुभाजक फोडला जातो, अपघात घडतात, अपघातांमुळे गतिरोधक येतात, आणि अखेर दुसऱ्या वळणरस्त्यासाठी अर्ज लिहिले जातात. इंग्लंडने हाच प्रकार पाहून १९३५ साली रस्त्याकाठच्या अशा पट्टीवजा वस्तीस आळा घालणारा कायदा केला. आपल्याकडेही राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत-रेषा आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण-रेषा पाळण्याचा दंडक आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. केवळ रुंदीकरणाने हे दुखणे बरे होत नाही, कारण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्येच दाखविले होते की गर्दीच्या वेळी शहरी द्रुतमार्गावरील रहदारी त्याच्या क्षमतेइतकी वाढत जाते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मोकळा चालतो, तो ठरलेल्या ठिकाणांखेरीज त्यावर कोणास चढता येत नाही म्हणून. वळणरस्त्यालाही हाच नियम पहिल्या दिवसापासून लावावा आणि काठच्या वस्तीसाठी सेवारस्ता आधी बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन या बंधनात अडकते त्याला योग्य मोबदला मिळाला पाहिजे. त्याच्या हानीवर नगराची सोय उभारणे न्याय्य नव्हे.

सुदैवाने एक संधी पुन्हा दाराशी आली आहे. सुमारे २८४ किलोमीटरच्या वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. कापसाच्या गाठी आणि खते या रुळांवर चढली, तर महामार्गावरील भार खरोखर हलका होईल. पण मालधक्क्याकडे जाणारा रस्ता भर वस्तीतून काढला, तर नवी कोंडी आपणच निर्माण करू. वणीच्या कोळशाच्या मालमोटारी ज्यांनी गावातून जाताना पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यावर हरकती व सूचना मांडण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. यवतमाळचा आराखडा जेव्हा जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा आपण सर्वांनी तो मागवून घ्यावा, वळणरस्त्याची नियंत्रण-रेषा व मालधक्क्याची वाट त्यात कोठे दाखविली आहे ते पाहावे, आणि मुदत संपण्यापूर्वी आपली हरकत लेखी द्यावी, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे.