वडीलधाऱ्यांचे औषधपाणी : भार कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर औषधांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु भोर-वेल्हे भागातील आपल्या कुटुंबांचा जमाखर्च मांडून पाहा. मुलांची फी आणि दादा-दादींच्या गोळ्या एकाच डब्यातील पैशांतून निघतात. पैसा कमी पडला की आधी काय थांबते? फी थांबत नाही, गोळी थांबते. "आता बरं वाटतंय, पुढच्या महिन्यात आणू," असे म्हणून घरातील म्हातारे माणूस नातवंडांच्या वह्या-पुस्तकांना वाट करून देते.

हा त्याग थोर आहे, पण तो फार महागात पडतो. रक्तदाबाची गोळी बरे वाटावे म्हणून घ्यायची नसते, दाब ताब्यात राहावा म्हणून घ्यायची असते. ती मध्येच सोडली तर माणसाला काही दिवस काहीच जाणवत नाही आणि मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो. मधुमेहाचेही तेच. मग गाडी करून पुण्याला धावावे लागते, कर्ज निघते आणि ते फेडण्यासाठी घरातील मोठा मुलगा शाळा सोडून कामाला लागतो. म्हणजे ज्या शिक्षणासाठी गोळी वाचवली, तेच शिक्षण शेवटी बुडते. म्हणून हा विषय आपल्या संस्थेचाही आहे.

आता सरकार काय देते ते पाहू. 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे लागते. साडेचार कोटी कुटुंबांतील सुमारे 6 कोटी ज्येष्ठांना याचा लाभ होईल असे केंद्राने सांगितले आणि सुरुवातीला 3,437 कोटी रुपयांची तरतूद केली. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. पण एक बाब नीट समजून घ्या. हे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. घरी परतल्यावर 15 दिवसांपर्यंतची औषधे त्यात धरली जातात. सोळाव्या दिवसापासून जन्मभर घ्यायची गोळी मात्र त्यात येत नाही. घर जळाल्यावर भरपाई मिळते, पण घागरभर पाण्याचे पैसे मिळत नाहीत, असा हा प्रकार आहे.

रोजच्या औषधांचा भार सरकारला खरोखरच झेपणार नाही काय? आपण विद्यार्थ्यांसारखे साधे गणित करू. समजा, एका वृद्धाच्या गोळ्यांवर सरकारी घाऊक खरेदीत महिन्याला 100 रुपये खर्च झाले. वर्षाचे झाले 1,200. सहा कोटी वृद्धांसाठी 7,200 कोटी. ही रक्कम लहान नाही. पण प्रत्येक वृद्धाला रोजचे औषध लागतेच असे नाही आणि वेळेवर गोळी मिळाल्याने जे झटके टळतील, त्यांचा रुग्णालयाचा खर्चही वाचेल. शंभराचा आकडा हे आपले गृहीत आहे. भाव वाढला की सारे गणित वाढते. म्हणून औषध कोण देतो याइतकाच ते काय भावाने विकत घेतो, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

याचा धडा अमेरिकेने घालून दिला आहे. तेथे 2003 च्या कायद्याने वृद्धांच्या औषधांसाठी सरकारी विम्याची सोय झाली आणि 2006 पासून ती अंमलात आली. परंतु औषध कंपन्यांशी सरकारने भावाची घासाघीस करू नये, असे त्याच कायद्यात लिहिले होते. खर्च सरकारचा आणि भाव कंपन्यांचा, असे बरेच वर्षे चालले. अखेर 2022 साली कायदा बदलावा लागला. विम्यातील वृद्धांना इन्सुलिन महिना 35 डॉलरच्या आत मिळू लागले आणि घासाघीस करून ठरवलेले पहिल्या 10 औषधांचे भाव 2026 पासून लागू झाले. एवढा श्रीमंत देश, पण भाव न ठरवता औषध देणे त्यालाही जड गेले.

आपला देश या बाबतीत मागासलेला नाही. 1970 च्या पेटंट कायद्याने तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवण्याची मुभा दिली आणि स्वस्त औषधांचा कारखानदार म्हणून भारताचे नाव झाले. 2005 पासून हा कायदा बदलला, पण रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या बहुतेक जुन्या गोळ्यांना त्याची बाधा नाही. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने, त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली, 2001 साली एड्सची औषधे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ करून जगाला चकित केले. आपल्याच पुणे जिल्ह्यात पिंपरीला 1954 साली सरकारी पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. औषध बनवण्याची विद्या आपल्याकडे आहे. ते डोंगरापलीकडच्या घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था अपुरी आहे. तमिळनाडूने 1994 साली घाऊक खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रानेही 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत केले आहेत.

मग अडचण कोठे आहे? औषध मोफत असले तरी ते आणायला दिवस मोडतो. हिर्डोशी-भुतोंड्याच्या खोऱ्यातून किंवा वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाने निघायचे आणि "गोळ्या संपल्या" हे ऐकून परतायचे, तर तो पुन्हा का जाईल? 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, पण एस.टी. वाडीपर्यंत जाते कोठे? म्हणून एका वेळी निदान महिन्याच्या गोळ्या हाती पडाव्यात, ही आपण सर्व समाजांनी मिळून करण्याची मागणी आहे.

आता आपल्या कर्तव्याविषयी. आई-वडिलांना जकात देता येत नाही, हे आपण जाणता. कारण त्यांचा खर्च हे दान नव्हेच, ती मुलांची जबाबदारी आहे. शेजारच्या निराधार वृद्धाच्या औषधाला मात्र जकात जरूर लागू शकते. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे जकात बहुतेक रमजानमध्ये निघते. रक्तदाबाची गोळी बारा महिने लागते. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून महिना 1,500 रुपये मिळतात. त्यातच धान्य, त्यातच औषध. दानाने आजचा दिवस निभावतो, उद्याची हमी सरकारकडूनच मागावी लागते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी चार कामे सांगतो. दादा-दादींच्या गोळ्यांची यादी वहीत लिहा. नाव, वेळ आणि संपण्याची तारीख. डॉक्टरांना विनंती करा की कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहावे, म्हणजे जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळू शकते. घरात कोणी सत्तरीचे असेल तर वय वंदना कार्ड काढून द्या. वय आधारकार्डावरून धरले जाते, तेव्हा तेथील नोंद चुकली असल्यास आधी दुरुस्त करून घ्या. आणि आरोग्य केंद्रात औषध नसेल तर तसा लेखी अर्ज द्या. आम्ही तुम्हाला अर्जलेखन परीक्षेसाठी शिकवतो; त्याचा खरा उपयोग हाच.

पालकांना एवढेच सांगणे की फी भरताना घरातील कोणाची गोळी थांबली आहे काय, हे एकदा विचारा. फीची अडचण असेल तर संकोच न करता शिक्षकांना भेटा. हप्ता करता येईल, शिष्यवृत्ती शोधता येईल. थांबलेल्या गोळीला असा हप्ता नसतो.